मोगरीची बाजू

माणसाने आयुष्यात एक तरी मोगरी स्वतः करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. ‘बाजारात आयती मिळते की हो!’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. आयत्या मुंडावळ्याही मिळतात. म्हणून बोहल्यावर दुसऱ्याला उभे करतो का आपण?

दुसरे भांडण पटाशीवर लोखंडी हातोडा घालणाऱ्यांशी. लोखंडाने पटाशीची लाकडी मूठ फुटते. मोगरी तो मार स्वतः खाते. बँकेत हे काम कारकून करतो.

आणि लागते काय? घोडकाठच्या शिरूरला काय नि भीमाकाठच्या दौंडला काय, बाभळीला तोटा नाही. वाळलेला, न तडकलेला ठोकळा घ्या. आरपार चौकोनी भोक पाडा. वर किंचित रुंद, खाली अरुंद. तसाच निमुळता दांडा वरून घाला. खिळा नको, सरस नको. दर फटक्याला डोके सुटण्याऐवजी आणखी घट्ट! इतके भक्कम तारण मी बँकेतही पाहिले नाही.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडले. आपण माना डोलावल्या आणि पोरांना गाइडे आणून दिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान १० दिवस दप्तराविना सुतार-कुंभारांकडे शिकायची सोय सांगितली. गुरुजी, ते दिवस भाषणांत घालवू नका! शिकायला कोणी आलेच नाही, तर सुताराने आपली विद्या जमा करायची कुणाच्या खात्यात? पोराला बाभळीचा ठोकळा द्या. टक्के विसरेल, हाताला पडलेला घट्टा विसरणार नाही.