सी किंग पस्तीस वर्षांनी थकले, अग्निवीर चारच वर्षांत घरी?

चांदूर बाजार : भारतीय नौदलाची जुनी सी किंग हेलिकॉप्टरं टप्प्याटप्प्याने सेवेतून बाहेर पडत आहेत. आपल्याकडे मोठं पाणी म्हणजे विश्रोळीचं पूर्णा धरण. समुद्रावरच्या हेलिकॉप्टरशी आपलं काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. पण तालुक्यातले जे पोट्टे पहाटे अंधारात रस्त्यावर धावतात, त्यांच्या भरतीशी या बातमीचा जवळचा संबंध आहे.

आधी हेलिकॉप्टरचं पाहू. ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीचं सी किंग नौदलात 1971 मध्ये आलं. पाणबुडी शोधणं हे त्याचं मुख्य काम. विहिरीत पोहरा सोडावा तसं ते समुद्रावर एका जागी थांबून तारेला बांधलेलं सोनार पाण्यात सोडतं आणि खालची चाहूल घेतं. आज उरलेली बहुतेक यंत्रं 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या खरेदीतली, म्हणजे पस्तीसच्या पुढची.

यांनी पाहिलं नाही असं काही उरलं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-305 हा बार्ज बुडाला. त्यावर 261 माणसं होती. युद्धनौकांच्या जोडीला मुंबईच्या आयएनएस शिक्रा तळावरची सी किंगही शोधकार्यात होती. दोनच महिन्यांनी कोकणात महापूर आला, तेव्हाही शिक्रावरून सी किंग पोलादपूरकडे धाडावं लागलं.

पण यंत्रापेक्षा ते चालू ठेवणाऱ्यांची गोष्ट मोठी आहे. सी किंग बनवलं ब्रिटननं, मूळ परवाना मात्र अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीचा. 1998 मध्ये पोखरणचे अणुस्फोट झाले, अमेरिकेनं निर्बंध लादले आणि सुटे भाग अडकले. कितीतरी हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा पार्ट मिळाला नाही तं काय होते, हे आपल्याला सांगायला नको. अशा वेळी एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, कोणता आवाज बरा आणि कोणता धोक्याचा हे कानानं ओळखायचं, हे काम पुस्तक वाचून येत नाही. दहा-पंधरा वर्षं त्याच यंत्राखाली हात काळे केलेला माणूस लागतो.

बदली यंत्रं येत आहेत, पण सावकाश. अमेरिकेकडून 24 एमएच-60आर घेण्याचा करार फेब्रुवारी 2020 मध्ये झाला आणि त्यांचं पहिलं पथक 6 मार्च 2024 रोजी कोचीत दाखल झालं. त्याच वर्षी 28 जूनला विशाखापट्टणमला यूएच-3एच ही हेलिकॉप्टरं 17 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली. त्यांच्या जागी कोण आलं? सी किंग 42सी! निवृत्त मास्तरच्या जागी निवृत्तीला टेकलेला मास्तर द्यावा, तसा प्रकार. छोट्या हेलिकॉप्टरांची गत आणखी वाईट. 111 नव्या यंत्रांना ऑगस्ट 2018 मध्ये मंजुरी मिळाली, आकडा 21 हजार कोटींच्या वर, पण साठच्या दशकातलं चेतक अजून उडतंच आहे. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तेव्हा देशभरातले ध्रुवही थांबवावे लागले.

आता आपल्या पोट्ट्यांकडे येऊ. 2022 पासून नौसैनिकांची भरती प्रामुख्याने अग्निपथमधून होते. बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेतलेला मुलगा एसएसआर म्हणून ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथं प्रशिक्षणाला जातो. एकूण मुदत चार वर्षं. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी देऊन निरोप. प्रशिक्षण आणि सुट्या वजा केल्या तं यंत्रावर प्रत्यक्ष हात किती दिवस राहिला, हिशेब तुम्हीच करा. यंत्र तीस-चाळीस वर्षं वापरायचं आणि ते सांभाळणारा चार वर्षांत मोकळा करायचा, हे गणित आमच्या डोक्यात बसत नाही. सैन्य तरुण ठेवायचं, हा सरकारचा मुद्दा पायदळाला लागू पडेलही. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सला तरुण माणूस नको, जाणता माणूस पाहिजे.

परत येणाऱ्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत 2022 मध्ये 10 टक्के आरक्षण जाहीर झालं होतं. चांगलंच आहे, पण विमानाचं काम शिकलेल्या पोराच्या हाती पुन्हा बंदूकच देणार काय? नागपूरच्या मिहानमध्ये मोठी विमानं दुरुस्त करणारा कारखाना आहे. तिथं सहीचा अधिकार हवा तं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. नौदलातली चार वर्षं त्यासाठी अनुभव म्हणून सरसकट धरा, ही मागणी विदर्भाच्या खासदारांनी लावून धरायला पाहिजे. आणि ती आत्ताच, कारण नौदलात 2022 च्या अखेरीस गेलेल्या पहिल्या तुकडीची मुदत 2026 च्या अखेरीस भरते.