थेंब गळू द्या!

बाळकुमच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी गेलात, तर गाळात कललेल्या होड्या दिसतील. त्यांतल्या एका जुन्या होडीची ही हकीकत. तिचे डिझेल इंजिन पोटात आहे. इंजिनाला जोडलेला लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, तळातून पाण्यात जातो आणि टोकाचा पंखा फिरवतो.

होडीच्या मालकांचा मुलगा अकरावीत माझा विद्यार्थी होता. शाफ्टपाशी पाणी ठिबकताना दिसले, म्हणून त्याने पाना घेऊन तिथली ग्लँड कडकडून आवळली. ठिबकणे थांबले. दुसऱ्या दिवशी खाडीत तासभर गेल्यावर जळका वास आला. ग्लँडला हात लावणे अशक्य झाले होते आणि शाफ्टवर खोल चरे पडले होते. शाफ्ट बदलावा लागला आणि ऐन हंगामातले काही दिवस बुडाले. मुलगा मला म्हणाला, "सर, गळती थांबवणं चूक कसं?"

प्रश्न रास्त आहे. पाण्याखाली अर्धा मीटर असलेले एक चौरस सेंटिमीटरचे छिद्र तासाला सहा-सातशे लिटर पाणी आत घेते. म्हणून शाफ्टभोवतीच्या फटीत चरबी किंवा ग्रीस मुरवलेल्या, चौकोनी विणीच्या दोरीची कडी बसवतात आणि ग्लँडने दाबतात. दोरी एकाच लांब वेटोळ्याने गुंडाळायची नसते. प्रत्येक कडे वेगळे कापून, त्यांचे सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे बसवायचे असते.

आता हिशेब करू. शाफ्टचा व्यास ३ सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १००० असतील, तर त्याचा पृष्ठभाग दोरीवरून सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने घासतो. फार आवळल्यामुळे घर्षणबल २०० न्यूटन झाले असे मानू. मग १.६ × २०० = ३२० वॅट उष्णता मुठीएवढ्या जागेत निर्माण होते!

मिनिटाला तीन थेंब पडू दिले तर ही उष्णता ते वाहून नेतील का? नाही. २० थेंबांचे साधारण १ घनसेंटिमीटर पाणी होते. ते तीन थेंब पूर्ण वाफ होऊन गेले, तरी सहा-सात वॅटच नेतील. त्यांचे खरे काम निराळे आहे. शाफ्ट आणि दोरी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो घर्षणच कमी करतो. बाहेर पडणारा थेंब ही त्या पापुद्र्याची साक्ष होय. पाणी हे वंगण आहे, हे इंग्लंडच्या जॉन पेन यांनी १८५४ साली ओळखले होते. त्यांनी पंख्याच्या शाफ्टसाठी लिग्नम व्हिटी या कठीण लाकडाच्या, पाण्याने वंगण होणाऱ्या बेअरिंगचे पेटंट घेतले.

मात्र याचा अर्थ गळती कितीही चालेल असा नव्हे. मिनिटाला तीन थेंब म्हणजे तासाला ९ घनसेंटिमीटर. सेकंदाला एक थेंब, आणि तोही होडी उभी असताना, म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक! मग ग्लँड थोडीशी आवळायची, इंजिन चालवून हाताने उष्णता पाहायची, थेंब पुन्हा मोजायचे. आवळूनही भागेना, तर दोरी बदलायची. हल्ली न ठिबकणारी सीलही मिळतात. ती चांगली आहेत, पण त्यांचे रबरही जुने होते. तेव्हा देखरेख कुणालाच चुकत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, हे शिक्षण आपल्या शाळांत मिळत नाही. आपण मुलांना घर्षणाची व्याख्या पाठ करायला लावतो, "गळती वाईट" हेही शिकवतो, पण "किती गळती योग्य?" हे विचारत नाही. माझा विद्यार्थी घर्षणाची उदाहरणे अचूक सोडवत असे. पाना हातात घेतल्यावर मात्र त्याला ते आठवले नाही. हा दोष त्याचा एकट्याचा नाही, आम्हा शिक्षकांचाही आहे.

शिक्षकांनी प्रयोगशाळेत जुना पितळी व्हॉल्व्ह आणावा. त्याच्या दांड्याभोवतीही अशीच ग्लँड असते. मुलांनी ती खोलावी, दोरी भरावी, थेंब मोजावेत. दुरुस्ती हे केवळ मिस्त्रीचे काम मानू नये. ते मोजमापाचे, म्हणजेच विज्ञानाचे काम आहे.

त्या होडीत नवा शाफ्ट बसला आहे. मुलगा आता निघण्यापूर्वी घड्याळ लावून थेंब मोजतो.