पगार मोजला, कर्जाचे काय?

अमेरिकेत पोलीस, तुरुंग किंवा प्रोबेशन खात्यात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना क्रिमिनल जस्टिसची पदवी हा सरळ रस्ता वाटतो. ती कर्ज काढून घ्यावी का, हा प्रश्न हिशेबाचा आहे. ४० हजार डॉलरचे कर्ज ६ टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४४४ डॉलर पडतो; वर्षाला ५,३०० डॉलरच्या वर. तेथील कामगार आकडेवारी खात्यानुसार २०२४ मध्ये पोलीस व डिटेक्टिव्ह यांचा मध्यक वार्षिक पगार ७७ हजार डॉलरच्या घरात होता, खासगी सुरक्षारक्षकांचा ३८ हजारांच्या. म्हणजे तोच हप्ता पोलिसाच्या पगारातले ७ टक्के खातो आणि सुरक्षारक्षकाच्या पगारातले १४ टक्के. गोम पुढेच आहे. पोलिसाच्या नोकरीसाठी सर्वसाधारणपणे शालान्त शिक्षण पुरते, असे हेच खाते नोंदवते. न्यूयॉर्कसारखी काही शहरे कॉलेजची क्रेडिट्स मागतात खरी, पण तिथेही २०२५ मध्ये ही अट ६० वरून २४ क्रेडिट्सवर आली. तेव्हा पोलिसाच्या पगाराचे श्रेय पदवीच्या खात्यावर मांडून पदवी विकणे हा चुकीचा जमाखर्च झाला. पदवीधर होऊनही जो मॉलच्या दारात पहाऱ्याला उभा राहतो, त्याच्या पगारातून ती पदवी फिटते का, हे पाहायला हवे. प्रोबेशन अधिकाऱ्याला मात्र सर्वसाधारणपणे पदवी लागते. त्या वाटेने जाणाऱ्याचा हिशेब वेगळा.

हा चुकीचा जमाखर्च किती महाग पडतो, हे वेस्टवुड कॉलेजच्या प्रकरणात दिसले. नफ्यासाठी चालणाऱ्या या संस्थेवर इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी २०१२ मध्ये खटला भरला. पोलीस खात्यातील करिअरची स्वप्ने दाखवून संस्थेने क्रिमिनल जस्टिसचे प्रवेश भरले. पण तिच्याकडे प्रादेशिक मान्यता नव्हती आणि शिकागो पोलीस व राज्य पोलीस तशी मान्यता नसलेले शिक्षण धरत नव्हते, असा आरोप होता. संस्था २०१६ मध्ये बंद पडली. २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तिच्या ७९ हजार विद्यार्थ्यांचे दीडशे कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. मिनेसोटातही ग्लोब युनिव्हर्सिटी व मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस यांनी याच अभ्यासक्रमाबाबत विद्यार्थ्यांची फसवणूक केल्याचा निकाल २०१६ मध्ये न्यायालयाने दिला. तिथली पदवी घेऊन त्या राज्यात पोलीस होता येत नव्हते. कर्जमाफी झाली हे बरेच झाले, पण वेस्टवुड बंद पडल्यापासून माफी मिळेपर्यंत सहा वर्षे गेली आणि विशीतली ती वर्षे कोणी परत देणार नाही.

या विषयाचा जन्म विद्यार्थ्याच्या खिशावर डोळा ठेवून झालेला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने पोलिसांना पदवीचे शिक्षण असावे अशी शिफारस केली आणि १९६८ च्या कायद्याने त्यासाठी सरकारी पैसा मोकळा केला. पोलिसात सेवा केली की कर्ज टप्प्याटप्प्याने माफ होई. समाजाला शिकलेला पोलीस हवा, तर त्याचा खर्च समाजाने उचलावा, हा त्यामागचा विचार होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना आटोपली. अभ्यासक्रम राहिले आणि खर्चाचा बोजा विद्यार्थ्याकडे सरकला.

शिक्षणाचे मोल पगारात मोजू नये, हा आक्षेप आम्हाला हलका वाटत नाही. शिकलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात, असे रायडबर्ग आणि टेरिल यांच्या २०१० च्या अभ्यासात आढळले. पण त्याचा लाभ रस्त्यावरच्या नागरिकाला मिळत असेल, तर हप्ता एकट्या पोलिसाने का भरावा? दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कर्जाच्या कसोट्या कडक केल्या, की गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचीच दारे बंद होतील. मात्र न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजमध्ये हीच पदवी राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला सुमारे सात हजार डॉलर शिकवणी शुल्कात मिळते. गरीब मुलासाठी अशी दारे वाढवणे हा उपाय आहे. महागड्या दाराशी नेऊन त्याच्या हाती कर्जाचा कागद देण्याला संधी म्हणता येत नाही.

म्हणूनच अमेरिकेने २०२५ मध्ये केलेला कायदा अपुरा वाटतो. एखाद्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मिळकत शालान्त शिकलेल्यांपेक्षा कमी ठरली आणि तीन वर्षांत दोनदा तसे झाले, तर त्या अभ्यासक्रमासाठीचे केंद्रीय कर्ज बंद होईल. ही सुधारणा चांगलीच. पण या तराजूला एकच पारडे आहे. विद्यार्थ्याने कर्ज किती काढले, हे ही कसोटी विचारत नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१४ च्या नियमात हप्ता एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के किंवा निर्वाहखर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या २० टक्के, यांपैकी एका तरी मर्यादेत बसावा अशी अपेक्षा होती. २०१९ मध्ये तो रद्द झाला, २०२३ मध्ये नव्या रूपात परतला. ते दुसरे पारडे सर्वच पदव्यांना लागू व्हायला हवे.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊ घातला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांची घटनास्थळ भेट बंधनकारक करण्याचे ठरवले आणि त्या आधारे फॉरेन्सिकच्या पदव्यांची जाहिरात करणे सोपे झाले. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीची अट मात्र बारावीचीच आहे. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी पालकांनी संस्थेकडून एवढे लेखी मागावे: मागच्या तीन वर्षांत किती विद्यार्थी बाहेर पडले, किती जण याच क्षेत्रात कामाला लागले आणि त्यांना पहिला पगार किती मिळाला. जी संस्था हे देणार नाही, तिथे सही करू नये.