चर्चचे नाव आणि खेळातील अनोळखी मित्र

3 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अभिनेते अक्षय कुमार यांनी त्या वेळी स्वतःच्या घरातील एक प्रसंग सांगितला. त्यांची 13 वर्षांची मुलगी एका अनोळखी व्यक्तीबरोबर ऑनलाइन खेळत होती. पलीकडून आधी कौतुकाचे, सभ्य शब्द येत राहिले. मग तू मुलगा की मुलगी, अशी विचारणा झाली. उत्तर मिळाल्यावर थेट नग्न छायाचित्राची मागणी आली. मुलीने खेळ तत्काळ बंद केला आणि सारे आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला सायबर सुरक्षेचा एक तास असावा, अशी विनंती अक्षय कुमार यांनी शासनाला केली.

शासन काय करील ते करो. परंतु हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांच्या उंबरठ्यावरही उभा आहे. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, पनवेल या भागांत आईवडील दोघेही सकाळी लोकलने कामाला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळेत मुलाच्या सोबतीला असतो तो मोबाइल. 2020 च्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून तो मुलांच्या हाती आला आणि नंतर हातातच राहिला. साहजिकच युवक संघटनेचे कार्यकर्ते विचारतात की, मुले जेथे आहेत तेथेच जाऊन आपण त्यांच्याबरोबर का खेळू नये?

प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभा खेळाची वैरी कधीच नव्हती. 2019 मध्ये रोममधील येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट बॅलेसर यांनी माइनक्राफ्ट या खेळासाठी स्वतंत्र सर्व्हर सुरू केला. शिवीगाळ आणि द्वेषापासून दूर, तरुणांना एकत्र येता यावे हा त्यामागील हेतू होता. 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपद लाभलेला कार्लो अकुटिस हाही व्हिडिओ गेम खेळत असे. मात्र आठवड्याला एकच तास, ही मर्यादा त्याने स्वतःच घालून घेतली होती.

तथापि, या उपक्रमातील खरा धोका कोठे आहे हे नीट ओळखले पाहिजे. अनोळखी गटात खेळणाऱ्या मुलावर पालक निदान डोळा तरी ठेवतात. 'चर्चचा ग्रुप आहे' असे म्हटले की तो डोळाही मिटतो. म्हणजे आपल्या नावामुळे धोका कमी होत नाही, पहारा मात्र सैल होतो. आणि ज्याच्या मनात पाप आहे त्याला नेमका सैल पहारा हवा असतो. लहानग्यांवरील अत्याचारांच्या प्रकरणांनी जगभरच्या ख्रिस्तसभेला हा कटू धडा दिला आहे. विश्वासाच्या आडूनच विश्वासघात झाला. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांना अशा तक्रारींबाबत संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी सक्तीचे नियम जारी करावे लागले, ते याच कारणाने.

मग मार्ग कोणता? नेरूळमध्ये ज्यांच्या नावाने शाळा चालते त्या संत जॉन बॉस्को यांनी तो दाखवून ठेवला आहे. तुरीनमध्ये त्यांनी गरीब मुलांना केवळ पटांगण दिले नाही. त्या पटांगणात ते स्वतः मुलांमध्ये वावरले. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, चूक घडू नये म्हणून जवळ असणे, ही त्यांची रीत होती. मोबाइलच्या पडद्यावरील पटांगणालाही तोच न्याय लागू पडतो.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. खेळाचा दिवस आणि वेळ ठरलेली असावी. रात्री उशिराचा खेळ नको. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि खेळ कोणता, त्यात कोण कोण आहे, हे त्यांना ठाऊक असावे. प्रत्येक वेळी किमान दोन प्रौढ उपस्थित असावेत. कार्यकर्ता असो, धर्मभगिनी असो वा धर्मगुरू, कोणत्याही मुलाशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. जे बोलायचे ते सर्वांसमक्ष. खेळ बंद गटातच व्हावा आणि अनोळखी व्यक्तींशी संभाषणाची सोय बंद ठेवावी. मुलाच्या टोपणनावात खरे नाव, शाळा वा वसाहत डोकावू नये.

पैशाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा संमत केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. सणानिमित्त प्रवेश शुल्क घेऊन रोख बक्षिसाची मोबाइल स्पर्धा भरविण्याचा विचार कोणी करीत असेल, तर तो सोडून द्यावा. शुल्काविना खेळ आणि एक चषक एवढे पुरेसे आहे.

कायद्याकडून सारेच होईल अशी अपेक्षाही करू नये. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, ती देशाची सुरक्षितता आणि माहितीची गोपनीयता या कारणांसाठी. जुलै 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. बंदी येते आणि जाते, मूल घरातच असते.

म्हणूनच शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या 13 वर्षांच्या मुलीने आईला सांगितले. आपले मूल सांगेल काय? अनेक मुले गप्प राहतात, कारण सांगताच पहिली शिक्षा होते ती मोबाइल काढून घेण्याची. 'चूक तुझी नाही, तू सांगितलेस हे बरे केलेस' हे वाक्य प्रत्येक पालकाच्या आणि युवा कार्यकर्त्याच्या ओठांवर तयार असले पाहिजे. त्यानंतर संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि बालकांसाठीच्या 1098 किंवा सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावर कळवावे. पॉक्सो कायदा, 2012 नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ती दडविणारा संस्थाप्रमुख शिक्षेस पात्र ठरतो. यात धर्मगुरूंना सूट नाही, असूही नये.

येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील युवक संघटनेला एवढेच विचारू या. तुमच्या ऑनलाइन गटात कोण कोण आहे, आणि लहानग्यांबरोबर तेथे कोण जागे आहे? उत्तर लगेच देता आले नाही, तर उत्तर मिळेपर्यंत खेळ थांबविणे श्रेयस्कर.