विजेचे पेव

गेल्या सत्रात नववीच्या वर्गास वादविवादासाठी एक विषय दिला होता: ‘गावाच्या शिवारात विजेचा साठा करणारे केंद्र व्हावे की न व्हावे?’ एका हुशार विद्यार्थ्याने मोठ्या आवेशाने प्रतिपादन केले की, अशा कामास विरोध करणारे खेडूत अज्ञानी असून त्यांच्यापायी देशाची प्रगती खुंटते. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर शेवटच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीस जातात. तो एवढेच म्हणाला, “सर, आमच्या घरी पाण्याच्या घागरीवर फडके बांधावे लागते, नाहीतर राख पडते. मग आम्ही विचारायचेसुद्धा नाही का?” त्याच्या भाषणास टाळ्या पडल्या नाहीत, परंतु त्याचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. म्हणून हा लेख.

विजेचा साठा कशास हवा, हे प्रथम पाहू. सूर्यापासून मिळणारी वीज भर दुपारी विपुल असते. दिवे मात्र आपण सायंकाळी लावतो. सुगीचे धान्य आपले पूर्वज पेवात भरून ठेवीत व पुढे वर्षभर काढीत, तसाच हा प्रकार होय. विजेचे पेव दोन प्रकारचे असते. एकात पाणी उंचावरील जलाशयात चढवितात व हवे तेव्हा खाली सोडून वीज काढतात. आपल्या राज्यात घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ पासून आहे. दुसऱ्या प्रकारात मोठमोठ्या पेट्यांत बॅटऱ्या रचून त्यांत वीज भरतात. दिल्लीत रोहिणी येथे २०१९ साली १० मेगावॅटचे असे केंद्र सुरू झाले. आपल्या बीड जिल्ह्यात पवनचक्क्या व सौरपट्ट्या वाढत आहेत. तेव्हा असे पेव उद्या आपल्याही शिवारात येऊ शकेल.

अशा कामास विरोध होतो, हे खरे. भुदरगड तालुक्यात पाटगाव परिसरातील शेतकऱ्यांनी २०२४ साली पाण्यावर चालणाऱ्या अशाच एका प्रकल्पास विरोध केला. धरणाचे पाणी आपल्या शेतीस कमी पडेल, ही त्यांची धास्ती होती. ही धास्ती अज्ञानातून उपजली असे परळीकराने तरी म्हणू नये. आपल्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. त्या केंद्राने शेकडो घरांत चूल पेटविली, मुलांस शाळेत घातले. ह्या अंकाचे कित्येक वाचक त्याच अन्नावर वाढले आहेत. हे उपकार विसरणे कृतघ्नपणा होईल. तथापि त्याच केंद्राची राख आपल्या अंगणात पडली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाण्यावाचून ते सारेच्या सारे बंद ठेवावे लागले, हेही तितकेच खरे. प्रकाश दूरवर जातो आणि राख जवळ पडते, हे आपण पुस्तकातून शिकलो नाही.

ह्याहून जुना धडा मुळशीचा. १९२१ साली टाटा कंपनीच्या वीजधरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरण अखेर झाले व मुंबईस वीज मिळाली. परंतु त्या लढ्याच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या आणि कसणारे मावळे कुळे होते. मोबदल्याच्या प्रश्नावर सावकार वळले. ज्यांचा घाम जमिनीत जिरला होता ते मात्र उघडे पडले. कागदावर नाव कोणाचे आणि संकट कोणावर, हा भेद तेव्हा होता, आजही आहे.

आपल्याकडे त्या भेदाचे रूप निराळे आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक गावे अर्धीअधिक ओस पडतात. माणसे कारखान्यांच्या फडांवर जातात व उन्हाळ्यात परत येतात. पौष महिन्यात ग्रामसभा भरवून ‘गावाने संमती दिली’ असे लिहिले, तर ती संमती नेमकी कोणाची? माझ्या मते अशा कामाची सभा ऊसतोडीहून माणसे परतल्यावरच भरली पाहिजे. हा हट्ट नव्हे, साधा न्याय आहे.

आता बॅटऱ्यांच्या धोक्याविषयी. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एप्रिल २०१९ मध्ये अशा एका केंद्रात आत वायू कोंडला होता. दार उघडल्यावर स्फोट होऊन आग विझविणारे जवान जखमी झाले. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे जानेवारी २०२५ मध्ये मोठी आग लागून हजाराहून अधिक लोकांस घरे सोडावी लागली. ह्यावरून बॅटरी त्याज्य ठरत नाही. तिला कोळसा लागत नाही, तिची राख उडत नाही. तिच्यात कोणती द्रव्ये वापरली, पेट्यांमध्ये अंतर किती ठेवले, ह्यांवर धोका कमीअधिक होतो.

आपल्या आजोबांस हे शहाणपण ठाऊक होते. पेवात धान्य सुरक्षित राही, परंतु त्यात विषारी हवाही साचे. म्हणून पेव उघडल्यावर कोणी एकदम आत उतरत नसे. आधी कंदील दोरीने खाली सोडीत. ज्योत विझली तर माणूस वरच थांबे. त्या थांबण्यास कोणी अडाणीपणा म्हटले नाही, आणि त्यासाठी कोणी पेवही बुजविले नाही.

गावाचे प्रश्न हा तो कंदील होय. वस्तीपासून अंतर किती? आग लागल्यास पाणी कोठून येणार व विझविण्याचे शिक्षण कोणास मिळणार? बॅटऱ्या निकामी झाल्यावर त्या कोण उचलणार? कूळ व मजूर ह्यांचे काय? उत्तरे मराठीत, लेखी आणि भरसभेत मिळावीत. ती समाधानकारक नसतील तर ‘नको’ म्हणण्याचा गावास पूर्ण अधिकार असावा. उलट ती समाधानकारक असतील, तर केवळ मोबदल्याचा आकडा वाढावा म्हणून विरोध ताणणे हेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपण दिवा लावणार आणि त्याचे ओझे सदैव दुसऱ्याच्या शिवारात असावे, असे म्हणणे कोणासही शोभत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंते होऊन एखाद्या गावात नकाशा घेऊन जाल, तर कोणी त्याच गावच्या पारावर तो नकाशा पाहात बसाल. दोघांनीही कंदील आधी सोडावा. पालकांस माझी विनंती एवढीच की, मुलगा घरी प्रश्न विचारू लागला तर त्यास गप्प बसवू नका. त्या दिवशी वर्गात ज्याला टाळ्या मिळाल्या नाहीत, त्याला मी त्या स्पर्धेचे पहिले बक्षीस दिले.