निराधारचा पगार २५०० झाला, ५० हजारांची अट तिथेच! हातात कला असलेल्या दिव्यांगाने कमवायचं की लपवायचं?

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने मूर्तीच्या कारखान्यात आखणीला माणूस मिळत नाही. डोळे चांगले काढणारा असेल तर मालक घरी येऊन बोलावतो. समजा, असा एक तरुण आहे, दोन्ही पायांनी अधू. काम बसून करायचं, त्यामुळे त्याला जमतं. सीझनला १२ हजार सुटतात. पुढे दिवाळीच्या पणत्या रंगवून, दुकानांच्या पाट्या लिहून वर्षभरात आणखी ६ हजार. झाले १८ हजार. घरात आई आहे, ती खुरपणी-कापणीला जाते. ३०० रुपये हजेरीने १२० दिवस काम लागलं तर तिचे ३६ हजार. मायलेकांचे मिळून ५४ हजार.

घोळ इथेच होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. नीट वाचा, उत्पन्न एकट्या दिव्यांगाचं नाही, सगळ्या घराचं. ५४ हजारांचा दाखला निघाला की हा तरुण अपात्र.

या योजनेला गावात सगळे ‘निराधारचा पगार’च म्हणतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ६५ वयाच्या गरीब माणसाला तो मिळतो. आधी महिना १ हजार होता, २०२३ मध्ये १५०० झाला. जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा दिव्यांगांना महिना ६ हजार द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी १ हजारांची वाढ केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून २५०० लागू केले. वर्षाचे ३० हजार. वाढ चांगलीच आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. पण चर्चा झाली ती रकमेची. ५० हजारांची रेघ होती तिथेच राहिली.

आता त्या तरुणाचा हिशोब पुन्हा मांडू. त्याने ब्रश हातात घेतलाच नसता तर घरात आईचे ३६ हजार आणि पगाराचे ३० हजार, असे ६६ हजार आले असते. तो राबला, १८ हजार कमावले, पगार गेला, तर घरात येणार ५४ हजार. म्हणजे वर्षभर काम करून घर १२ हजारांनी खाली! पगार १५०० होता तेव्हा रेघ ओलांडणाऱ्याचे वर्षाला १८ हजार जायचे, आता ३० हजार जातात. पगार जितका वाढेल तितकी कमावण्याची भीती वाढणार, कारण मर्यादा हलत नाही.

आणि ही मर्यादा किती तोकडी आहे बघा. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर ३१२ रुपये. घरातल्या एका धडधाकट माणसाला या दराने १६० दिवस काम मिळालं तर ४९,९२० रुपये होतात. १६१ व्या दिवशी रेघ पार. दिव्यांगाने अजून एक पैसाही कमावलेला नाही, तरी तो बाद.

दुसरीकडे लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बहिणींना मिळतं ते मिळू द्या, प्रश्न त्यांच्याशी भांडण्याचा नाही. पण अडीच लाखांपर्यंत कमावणारं घर मदतीला पात्र आणि ५१ हजार कमावणारं दिव्यांगाचं घर अपात्र, हे गणित मंत्रालयात कोणी जुळवलं? दिव्यांगाच्या घराचा खर्च तर जास्तच असतो. दवाखान्याला जायचं तर रिक्षा सांगावी लागते, सोबत एक माणूस जातो, त्याची हजेरी बुडते.

मग लोक काय करतात? लपवतात. गोधडी शिवणारी बाई रोखच घेते. भजनाला पेटी वाजवणाऱ्याची बिदागी दुसऱ्याच्या नावावर पडते. ऑनलाइन पैसे यायचे असले तर स्कॅनर भावाचा. याला चोरी म्हणणं सोपं आहे, पण यात पहिलं नुकसान त्या कलाकाराचंच होतं. कमाई कागदावर नाही म्हणून बँक कर्जाला उभं करत नाही. मोठी ऑर्डर, जिथे बिल लागतं, ती सोडून द्यावी लागते. आणि घेणाऱ्याला ही अडचण कळली की भाव पाडायला तो मोकळाच.

खरी भीती यंदाचा पगार जाण्याची नसते. तो पुन्हा चालू होईल का, याची असते. कलेची कमाई म्हणजे पावसासारखी. यंदा कारखान्यात काम आहे, पुढच्या वर्षी मालकाने साचे बदलले, रंगाचं मशीन आणलं की संपलं. उत्पन्न परत खाली आलं म्हणून पगार काही आपोआप सुरू होत नाही. पुन्हा सेतू, पुन्हा तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा दाखला, मग तालुका समितीपुढे अर्ज. काठी टेकत तहसीलच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाने हातातला पगार सोडून हा फेरा का पत्करावा?

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेत गरीब दिव्यांगांना मिळणाऱ्या मदतीत महिन्याच्या कमाईचे पहिले ६५ डॉलर धरतच नाहीत आणि त्यापुढची कमाई निम्मीच मोजतात. माणूस जसा कमावतो तशी मदत हळूहळू उतरते, एकदम कडेलोट होत नाही. तीच रीत इथे लावली आणि ५० हजारांच्या वर जेवढे जास्त त्याच्या निम्मे कापले, तर त्या मूर्ती रंगवणाऱ्याचे ४ हजारांमागे २ हजार जातील. उरलेले २८ हजार पगाराचे आणि ५४ हजार घामाचे, असे घरात ८२ हजार येतील. सरकारचाही तोटा नाही, २ हजार वाचलेच.

त्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे. इतरांना मिळते त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत द्या, असं ते सांगतं. पेन्शनसाठी उत्पन्नाची मर्यादा किती ठेवायची, हे मात्र कायद्याने सरकारवर सोडलंय. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. कोणी मनावर घेतलं तर एका शासन निर्णयाचं काम आहे.

तोवर कलाकारांनी एक वही घालावी. आलेला सगळा पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. पाच हजारांच्या पणत्या विकल्या आणि माती, रंग, गाडीभाडं मिळून तीन हजार गेले, तर कमाई दोनच हजार. तलाठी चौकशीला येतील तेव्हा तोंडी अंदाज सांगण्यापेक्षा ही वही आणि दुकानाच्या पावत्या पुढे ठेवाव्यात. पगार बंद झालाच तर ‘वरून बंद झाला’ एवढ्यावर परत फिरू नये, तहसीलमध्ये अर्ज देऊन कारण लेखी मागावं. आणि ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी राखीव असतो. गावात तो कशावर खर्च झाला, हे येत्या ग्रामसभेत विचारता येईल.