सब्र करावा, पण कागद जपावेत

कशेडी आणि आंबेनळी या घाटांची नावे निघाली की महाड-पोलादपूरकडच्या घरांत एखादा तरी अपघात आठवतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच माणूस वाचला.

अशा वेळी भेटायला आलेली माणसे म्हणतात, ‘‘अल्लाहची मर्जी, सब्र करा.’’ ते खरेच आहे. पण पुढे तेच शब्द दावा न लावण्याचे कारण होतात, तेव्हा आम्हाला बोलावेसे वाटते. यतीम मुलांचा किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हक्क परस्पर सोडून देण्याचा अधिकार चाचा-मामूंना नाही.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तिथे मुख्यतः दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : चूक समोरच्या गाडीची होती आणि दुखापतीमुळे अमुक इतके नुकसान झाले.

आधी चुकीचे पाहू. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही. अपघात असाच घडला असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दिसले तरी पुरते. पण पाहणाराच कुणी उरला नसेल तर? नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असे धरले की, नीट चालवलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही. म्हणून हे कसे घडले याचा खुलासा मोटारीच्या बाजूने द्यायला हवा. घाटातल्या अपघातांत हे तत्त्व मोठा आधार ठरू शकते.

तरीही पुरावा पहिल्या दोन-चार दिवसांतच गोळा करावा. टायरच्या खुणा कोकणातल्या एका सरीने धुऊन जातात. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. जखमीला दवाखान्यात पोहोचवल्यावर घरातल्या एखाद्याने गाड्यांचे व जागेचे फोटो काढावेत, पाहणाऱ्यांचे फोन नंबर लिहून घ्यावेत. नंतर फिर्याद, पंचनामा आणि नकाशा यांच्या नकला पोलीस ठाण्यातून घ्याव्यात.

दवाखान्यातही एक चूक हमखास होते. डॉक्टर विचारतात, ‘‘कसे लागले?’’ आणि गडबडीत कुणी सांगते, ‘‘गाडीवरून पडला.’’ केसपेपरवर तेच लिहिले जाते आणि पुढे विमा कंपनी नेमके तेच वाक्य पुढे करते. दुसऱ्या गाडीने धडक दिली असेल तर तसेच स्पष्ट सांगावे.

‘मोटारसायकलवर तिघे होते, म्हणजे तुमचीही चूक,’ असेही ऐकवले जाते. तिघे बसणे नियमाविरुद्ध आहेच. पण २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा त्याचा परिणाम वाढला, असे दिसल्याशिवाय केवळ तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही.

आता दुखापत. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचे नुकसान एकच नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. एक हात गेला तरी कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराचे किंवा ड्रायव्हरचे पोटच जाते. म्हणून जखमी काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, हे पुराव्यानिशी मांडावे. बँकेचे पासबुक, पगाराची चिठ्ठी, एक्स-रे, औषधांची बिले, मुंबईला नेल्याचे गाडीभाडे, सगळे एका पिशवीत ठेवावे. केवळ हाडवैद्याकडे गेलात तर हाती कागद राहत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे, असे न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बजावले आहे. ‘ती कमवत नव्हती’ म्हणून दावा सोडू नये.

मुदतही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. कुटुंब राहते त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. मात्र हा मार्ग घ्यायचा की मोठ्या भरपाईचा, हे वकिलाशी बोलूनच ठरवावे.

आणि कुणी घरी येऊन ‘‘आपसात मिटवू’’ म्हणत थोडी रक्कम पुढे केली, तर वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. सब्र मनाने करायचा असतो. त्यासाठी मुलांचा हक्क सोडावा लागत नाही.